पानाखालचा रस्ता

मंडळी,

हा माइक जरा खाली घ्या. या हॉलमध्ये माइक कायम वैजूच्या उंचीला लावलेला असायचा. मी बोलायला उठले की ती स्वतः पुढे यायची, तो खाली करायची आणि कानात म्हणायची, "बोल आता, पण थोडक्यात." आज मला थोडक्यात बोल म्हणणारं कुणी नाही. आयुष्यभर मी न थांबता बोलत आले आणि आज पहिलं वाक्य सापडत नाहीये.

एवढ्या उन्हाचं तुम्ही आलात. मुलुंडहून आलात, अंधेरीहून आलात, काही जण पार बोरिवलीहून. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. कुणी शेजारणीला बसवून आलाय, कुणी आयाला "तासाभरात येते हं" सांगून निघालीय. तुमचा तास म्हणजे काय असतो, हे मला कळतं. तो मी वाया घालवणार नाही.

पण एक आधीच सांगते. शोकसभेत गोड बोलायचं असतं. गुण सांगायचे, डोळे पुसायचे, चहा घ्यायचा, घरी जायचं. मला ते आज जमणार नाही. वैजू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. बसले की उठते. उठले की घरातल्या घरात चालत राहते. दुःखाने माणूस खचतो म्हणतात. मला दुःखाने उभं केलंय. का, ते सांगायलाच इथे आले आहे.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी शालन. गिरणी कामगाराची मुलगी. कारखान्यांच्या दारात उभं राहून भाषणं करण्यात माझी हयात गेली. वैजू, म्हणजे वैजयंती, माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी ओरडायचे, ती ऐकायची. मग शांतपणे म्हणायची, "शालन, भाषण नको. रस्ता सांग."

हे वाक्य आज तुम्ही माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकणार आहात. कारण हे वाक्य म्हणजेच वैजू.

थांबते. विमान जाऊ दे.

... गेलं. घाटकोपरात भाषण करायचं म्हणजे सांताक्रूझच्या विमानांना विचारून करावं लागतं. वैजू म्हणायची, "बरं आहे ना, तुला मध्ये मध्ये श्वास घ्यायला मिळतो."

तर वैजू. एका सरकारी कचेरीत ती चौकशीच्या खिडकीवर बसायची. माणूस यायचा, विचारायचा, ती सांगायची, "पहिला मजला, उजवीकडची खिडकी." पुढचा यायचा. असं वर्षानुवर्षं. एकदा एक आजोबा तिच्याकडे परत आले. मग पुन्हा परत आले. म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता तिथे जातो. ती खिडकी बंद असते. तिथे कुणाला विचारलं तर म्हणतात, चौकशीच्या खिडकीवर विचारा. मी आता कुठे जाऊ?" जेवणाच्या सुट्टीत वैजू स्वतः वर गेली. खिडकी खरंच बंद होती. काम दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं आणि चौकशीच्या खिडकीला कुणी कळवलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली, चहा समोर होता तसाच ठेवला आणि म्हणाली, "शालन, मी माणसं कुठे पाठवत होते गं?"

त्या दिवसापासून कुणालाही कुठेही पाठवण्याआधी ती स्वतः तिथे जाऊन बघायची. खिडकी उघडी आहे का.

मंडळी, आपल्या मंडळाची वेबसाइट जन्मली ती त्या प्रश्नातून. लोकांना वाटतं, सासूबाईंच्या आजारपणातून जन्मली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, वैजूने नोकरी सांभाळून त्यांचं केलं, शिकत शिकत केलं, हे खरं. त्या गेल्यावर तिने आपल्यासारख्या घरांना गोळा केलं, हे मंडळ उभं राहिलं, साइट उभी राहिली, हेही खरं. पण पानं लिहिणं कुणालाही जमतं. पाठीला जखम झाली तर काय करावं, हे पान. नळीने भरवायचं कसं, हे पान. पलंग भाड्याने कुठे मिळतो, आया ठेवताना काय विचारावं, जेवत नाहीत तेव्हा काय करावं. पानं आपण सगळ्यांनी लिहिली. वैजूने काय केलं? वैजूने रस्ते केले.

इथे काही वयस्कर मंडळी आहेत, म्हणून सांगते. साइटवरच्या पानात मधूनच एखादी निळी ओळ असते. तिच्यावर बोट ठेवलं की आपल्याच साइटचं दुसरं पान उघडतं. तिला लिंक म्हणतात. वैजू कधी लिंक म्हणाली नाही. ती म्हणायची रस्ता.

मी पहिलं पान लिहिलं तेव्हाची गोष्ट. आमची इमारत जुनी. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. माझ्या आईला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून चार मजले उतरवलं होतं. ते सगळं मी लिहिलं. आणि मी लिहिणार म्हणजे काय? सुरुवातीलाच बिल्डरांवर तुटून पडले. या शहरात माणूस उभा जाऊ शकतो, आडवा जाऊ शकत नाही, वगैरे. मला वाटलं, झकास जमलंय. वैजूने वाचलं. पहिले दोन परिच्छेद उडवले.

"अगं, तेच तर चांगले होते!"

"शालन, भाषण नको. आता सांग, या पानावर माणूस येणार कुठून?"

"कुठून म्हणजे? साइटवरून."

"साइट म्हणजे काय मैदान आहे? कुठल्या पानावरून?"

"ज्याला लिफ्टची अडचण आहे तो शोधेल ना."

"नाही शोधणार. ज्याच्या आईचा श्वास अडकलाय तो ॲम्ब्युलन्सच्या पानावर असेल. लिफ्ट त्याला आठवेल कधी? खाली स्ट्रेचर येऊन उभं राहिल्यावर. तेव्हा तो तुझं पान शोधत बसेल का?"

मी माझं पान पुन्हा वाचायला घेतलं.

"म्हणून तू ॲम्ब्युलन्सच्या पानावर जा," ती म्हणाली. "तिथे एक ओळ लिही. 'तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का?' आणि ती ओळ तुझ्या पानाला जोड. मग घरी आजारी माणूस पहिल्यांदा आणतात त्या पानावर जा. तिथेही जोड."

"दुसऱ्याच्या पानात मी कशी लिहू? त्यांना राग येईल."

"लग्न ठरलं की अक्षत द्यायला आपणच जातो ना लोकांच्या दारी? की लोकांनी आपसूक यायचं मांडवात? पान तयार झालं म्हणजे नुसतं लग्न ठरलं, शालन. आता अक्षत घेऊन बाहेर पड."

हा तिचा नियम झाला. नवं पान लिहिणाऱ्याने जुन्या पानांच्या दारी जाऊन अक्षत द्यायची. जिथून जिथून गरजू माणूस इकडे येऊ शकतो, तिथे तिथे जायचं. ज्या पानाकडे कुठूनच रस्ता येत नाही त्याला ती म्हणायची, निमंत्रण न दिलेलं लग्न. आत दिवे लागलेत, पंगत वाढलीय, आणि गावात कुणाला पत्ता नाही.

आणि "इथे क्लिक करा" असं कुणी लिहिलं तर तिचा चेहरा बघायला हवा होता! "इथे म्हणजे कुठे? रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर 'इथे' म्हणतेस का गं? पलीकडे काय आहे ते सांग. घाबरलेल्या माणसाच्या मनात जे शब्द असतील ते लिही. त्याला ओळखीचं वाटलं पाहिजे."

दर रविवारी सकाळी ती साइट उघडून बसायची आणि एकेका रस्त्यावरून जाऊन यायची. मधुभाऊ, म्हणजे तिचे यजमान, इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, ते चिडवायचे, "चालली बाईसाहेबांची गस्त." ती म्हणायची, "खिडक्या उघड्या आहेत का बघून येते."

आपल्याशी भांडलीही ती. परब, आठवतंय? परब आपल्या मंडळाचे अध्यक्ष. ठराव असा आला की साइटच्या पहिल्याच पानावर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो लावायचे आणि प्रत्येकाच्या परिचयाचं वेगळं पान करून तिथे नेणाऱ्या ओळी द्यायच्या. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, आधारस्तंभ. कोण आधी, कोण नंतर, यावर अर्धी सभा गेली. वैजू शेवटी उभी राहिली. म्हणाली, "परबसाहेब, हा नाक्यावरचा बॅनर नाही. बाईने एका हाताने सासऱ्याला कुशीवर धरलंय, दुसऱ्या हातात फोन आहे. तिला तुमचा हसरा फोटो दाखवू की जखम कशी धुवायची ते दाखवू?" परब हसले. हसतच माघार घेतली. मोठ्या मनाने घेतली, हे मी इथे सांगते. आता पुढचं सांगणार आहे ते ऐकताना हेही लक्षात ठेवा.

मंडळी, आपल्या साइटवर एक पान आहे. ते वैजूने एकटीने लिहिलं. सासूबाईंच्या शेवटच्या आठवड्यात तिने जे पाहिलं, घरी येणाऱ्या डॉक्टरांना जे विचारलं, ते सगळं त्यात आहे. पानाचं नाव तिने ठेवलं होतं, "घरी शेवटचे दिवस."

बघा. नुसतं नाव घेतलं तर हॉलमध्ये चुळबुळ झाली.

त्या पानात काय आहे? माणूस जेवण सोडतो, मग पाणी सोडतो. जबरदस्तीने भरवू नका, ओल्या कापसाने ओठ ओले करत राहा. श्वासात घरघर लागते. ती ऐकून तुम्हाला भीती वाटेल. ती त्यांची तगमग असेलच असं नाही. हळूच कुशीवर वळवा. डॉक्टरांना फोन करून बोलवा, मृत्यूचा दाखला तेच देतील. त्यांना घरीच राहायचं असेल तर कुणाशी काय आधी बोलून ठेवायचं. आणि शेवटी लिहिलंय, "आता करण्यासारखं एकच उरलं आहे. हात धरून बसा. बोलत राहा."

किती थोरामोठ्यांचं मृत्यूवरचं लिखाण मी वाचलंय. कपाटं भरली आहेत. त्यातलं काहीही एखाद्या बाईला दुपारी, स्वयंपाकघरात, नवऱ्याचा श्वास ऐकत असताना उपयोगी पडणार नाही. हे पान उपयोगी पडेल.

पण ते सापडलं तर!

वैजूने त्या पानाकडे रस्ते जोडले. "जेवत नाहीत" या पानाच्या अगदी तळाशी एक ओळ. आया ठेवण्याच्या पानावर एक. जखमेच्या पानावर एक. ठळक नाही, लाल नाही, साधी ओळ. ती म्हणायची, "दार असलं म्हणजे आत ढकलतोय असं नाही. ज्याला नको तो पुढे जाईल. पण ज्याला हवंय त्याच्यासमोर भिंत नको."

मग वैजू स्वतः आजारी पडली. आजार काय होता, किती दिवस चालला, ते तुम्हाला ठाऊक आहे. ती हॉस्पिटलच्या फेऱ्या करत होती तेव्हा आपल्या कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चर्चा झाली. मी कार्यकारिणीत नाही, मला ती ठाऊक नव्हती. ती मी आता वाचली, वैजू गेल्यावर. विषय असा की ते पान नकारात्मक आहे. घरात आजारी माणूस असताना अभद्र बोलू नये. ठरलं काय? पान काढायचं नाही, वैजूताईंचा मान आहे. फक्त त्याच्याकडे जाणाऱ्या ओळी काढायच्या. आणि नाव बदलायचं. काय नाव दिलं? "सांजवेळ." वर मनोरीच्या किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो. सगळ्यांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. एकानेही विचारलं नाही, रस्ते काढल्यावर पान उरतं कुठे?

आणि वैजूला सांगितलं का? नाही. का नाही? "आजारी बाईला मरणाच्या पानाचा विषय कशाला?" तेच कारण! मंडळी, तेच कारण! जे आपण त्या पानाला केलं तेच तिला केलं. ती साइटवर गस्त घालायच्या अवस्थेत नव्हती. तिच्या रविवारच्या फेऱ्या थांबल्या होत्या. तिला वाटत होतं, खिडक्या उघड्या आहेत.

विमान. थांबते.

...

मधुभाऊ, आता मी जे सांगणार आहे ते तुमच्या परवानगीने सांगते आहे. काल तुम्ही "सांगा" म्हणालात. आता नको वाटत असेल तर थांबते.

... बरं.

वैजूला घरी जायचं होतं. म्हणजे, जायचं ते घरातून. तिने मधुभाऊंना स्पष्ट सांगितलं होतं. खिडकीशी पलंग, बाहेर तगरीची कुंडी, तिथेच. मधुभाऊ म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? मी घाबरेन." ती म्हणाली, "घाबरशीलच. म्हणून सगळं लिहून ठेवलंय. साइट उघड. 'जेवत नाहीत' हे पान काढ. अगदी खाली जा. तिथे ओळ आहे, तिच्यावर बोट ठेव. पुढे तुला कुणाला विचारावं लागणार नाही रे."

ती दुपार आली. वैजूने पाणी सोडलं होतं. घरघर लागली. घरात दोघंच. मधुभाऊंनी फोन उघडला. ते पान काढलं. अगदी खाली गेले.

खाली काय होतं, सांगू? खाली लिहिलं होतं, "सकारात्मक राहा. वाचा: प्राणायामाचे फायदे."

त्यांनी त्यावर बोट ठेवलं. वाटलं, इथून पुढे असेल. प्राणायामाच्या पानाखाली "समतोल आहार." त्यावर बोट ठेवलं. समतोल आहाराच्या पानाखाली काय होतं? "जेवत नाहीत तेव्हा काय करावं." फिरून तिथेच! पुन्हा खाली, पुन्हा प्राणायाम, पुन्हा आहार. मंडळी, त्या आजोबांची गोष्ट आठवा. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून परत या खिडकीवर. ज्या बाईने आयुष्यभर कुणाला असं फिरवायचं नाही म्हणून ठरवलं, तिच्याच उशाशी तिचा नवरा तिच्याच साइटवर गोल गोल फिरत होता.

त्यांनी फोनवर "शेवटचे दिवस" असं लिहून शोधलं. आपलं पान आलं नाही. त्याचं नाव आता "सांजवेळ" होतं. हॉस्पिटलांच्या जाहिराती आल्या.

मी त्यांना विचारलं, "मधुभाऊ, मला फोन का नाही केलात?" ते म्हणाले, "सुचलंच नाही, शालनताई. फोन हातात होता, पण त्यात मी ते पान शोधत होतो."

शेवटी त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. दुसरं काय करणार? वैजू गेली ती काचेच्या दारापलीकडे, नळ्यांमध्ये. मधुभाऊ दाराच्या अलीकडे. भेटायला आत सोडायची वेळ झाली नव्हती.

हात धरून बसा, असं जिने लिहिलं, तिचा हात कुणीही धरलेला नव्हता.

मी चिडले. मी तशीच परबांच्या घरी गेले. भांडायला गेले, खोटं कशाला सांगू? बेल वाजवली, दार उघडलं, आणि मी सुरू झाले. परब आत घेऊन गेले. त्यांच्या आई पलंगावर होत्या. आईला ऐकू जाऊ नये म्हणून परब हळूच मालवणीत म्हणाले, "शालन, हळू बोल. आणि मरणाचा नाव कित्याक घेतस गो? आवशीक ऐकाक येता."

मग त्यांनी मला सांगितलं. परब, हे सांगितलं तर चालेल ना? ... एके दुपारी ते आईच्या पाठीची जखम धूत होते. एका हाताने. दुसऱ्या हातात फोन, आपलंच जखमेचं पान. वाचत वाचत तळाशी गेले आणि तिथे ती ओळ दिसली. परब म्हणाले, "मला वाटलं, आपल्याच साइटने माझ्या आईला पाठवून दिलं. मला ती ओळ तिथे सहन होईना."

माझा राग तिथे थांबला. संपला नाही, थांबला. कारण परबांचं म्हणणं खरं होतं. जखम बरी होते. जखमेच्या पानावर ती ओळ नकोच होती. वैजू चुकली होती. एवढी रस्त्यांची वेडी बाई, तिने एक रस्ता नको तिथे जोडला. ती असती आणि परबांनी तिला हे सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे ओळ काढली असती, आणि वर म्हणाली असती, "सॉरी हं परब, आधी का नाही बोललात?"

पण बोललं कोण? एका ठिकाणी दुखलं म्हणून आपण सगळीकडचे रस्ते उखडले. एक दार चुकीच्या खोलीत होतं म्हणून घरभर विटा रचल्या. आणि त्या भिंतीवर सूर्यास्ताचं चित्र टांगलं!

का? कारण आपल्याला वाटतं, मरणाचं नाव घेतलं नाही तर ते येणार नाही. घरात सहा महिने माणूस जातोय, सगळ्यांना दिसतंय, त्या माणसाला स्वतःला दिसतंय, आणि आपण त्याला सांगतो, "काही होत नाही, उद्या बरं वाटेल." ही माया नाही. ही आपली भीती आहे, आणि तिची किंमत मोजतो तो पलंगावरचा माणूस. मी आयुष्यभर मालकांशी भांडले. त्यांच्या दारावर कुलूप तरी दिसायचं. आपण लावलेलं कुलूप दिसतसुद्धा नाही. पान आहे, साइट आहे, माणूस दारात उभा आहे, फक्त मधली एक ओळ नाही. आणि एका ओळीच्या नसण्याने काय होतं, ते पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला विचारा.

मधुभाऊ, माझ्याकडे बघा. तुम्ही काल म्हणालात, "तिने एवढंसं सांगितलं होतं, तेही मला जमलं नाही. मलाच नीट खाली जाता आलं नसेल." नाही. तुम्ही नीट खाली गेलात. जिथे तिने सांगितलं तिथेच गेलात. तिथे काही नव्हतं. ते आम्ही काढलं होतं. ही गोष्ट मी या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगते आहे, म्हणजे उद्यापासून तुम्ही ती मनातल्या मनात उलटी सांगत बसणार नाही. तुम्ही तिचं ऐकलंत. पुन्हा सांगते. तुम्ही तिचं ऐकलंत.

... पाणी द्या कुणीतरी त्यांना.

मंडळी, मला वैजूचा फोटो या हॉलमध्ये लावायचा नाही. तिच्या नावाने पुरस्कार नको, व्याख्यानमाला तर नकोच, मलाच बोलवाल. आत्ता ती इथे असती तर मागून म्हणाली असती, "शालन, भाषण नको. रस्ता सांग."

सांगते.

मृणाल, पुढे ये. वैजू आजारी पडल्यावर साइटचं काम हिच्याकडे आलं. हिनेच त्या ओळी काढल्या, कार्यकारिणीने सांगितलं म्हणून. सकाळी मी हिला फोन केला, तर माझ्याआधी हीच बोलली. म्हणाली, "मावशी, मी तेव्हा सगळ्या काढल्या, पण जपून ठेवल्यात. कुठली कुठे होती, ते मला पाठ आहे." मी म्हटलं, लॅपटॉप घेऊन ये.

परब, तुम्ही अध्यक्ष आहात. ठराव लागेल म्हणाल. ठराव मी मांडते. पानाला त्याचं नाव परत द्यायचं. जखमेच्या पानावर ती ओळ लावायची नाही, तुमचं म्हणणं मान्य. "जेवत नाहीत" या पानाच्या तळाशी लावायची, आयाच्या पानावर लावायची. आणि साइटवर दर रविवारी कुणीतरी फेरी मारायची. पहिल्या रविवारी मी येते. अनुमोदन कोण देतंय?

...

परबांनी हात वर केलाय. मागे बघा, मंडळी. अध्यक्षांनी स्वतः. परब, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

आता आपण सगळे उभे राहू. ज्यांना गुडघ्यांमुळे उभं राहता येत नाही त्यांनी बसूनच राहा, वैजूला चालेल. डोळे मिटू. कुणी बोलायचं नाही. विमान आलं तर येऊ दे. या शांततेत एकच आवाज होईल, मृणालच्या बोटांचा. तो होऊ दे. तीच आज वैजूची पूजा.

आणि शांतता संपल्यावर कुणीही मला येऊन "छान बोललात" असं म्हणू नका. खिशातला फोन काढा. "जेवत नाहीत" हे पान उघडा. अगदी खाली जा. मधुभाऊ, सगळ्यांत आधी तुम्ही जा. तिने सांगितलं होतं तशीच ओळ तिथे असेल, तिच्याच शब्दांत:

"पाणीही नको म्हणतात. आता काय करायचं?"

तिच्यावर बोट ठेवा.